दोन डावांना एकच चेंडू

लातूर नवा जिल्हा झाला, पण त्या दुष्काळी वर्षी आमच्या मैदानावर नवा चेंडू काही आला नाही. तिथं गावातलाच एक म्हातारा रोज अंपायर म्हणून उभा असायचा. चेंडू टाकला की मोजणीसाठी एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायचा.

एकदा मॅचमध्ये औशाच्या बॉलरनं चेंडू जास्त वळावा म्हणून तो बाटलीच्या बुचानं खरवडला. आमच्या कॅप्टननं दुसरा मागितला.

अंपायर थकल्या आवाजात म्हणाला, "दुसरा हाय कुठं? तुमी बी ह्योच टाका."

आमची बॉलिंग आली तेव्हा कॅप्टननं तोच चेंडू आणखी खरवडला. औसेकर भांडायला धावले.

अंपायरनं मोजणी सोडून खिशातले चिंचोके जमिनीवर ओतले. शिवण उसवलेला चेंडू दोन्ही कॅप्टनांसमोर धरला.

"दोगं बी जिंकले. उद्या कशानं खेळता?"