पेणहून अष्टमीला, राहेलच्या परसासाठी झाडं घेऊन

राहेलचा फोन आला तेव्हा मी बिरड्याचे वाल सोलत बसले होते. हात ओले, म्हणून फोन ताटाशेजारीच ठेवला आणि तिचा आवाज साऱ्या स्वयंपाकघरात पसरला. "सुमे, परस उघडं पडलंय गो. चार फळझाडं आणून दे मला. तुला कळतात."

मला कळतात म्हणजे काय, तर मी कुठल्या शेतकी शाळेत गेले नाही. सातवीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं हाताने चुकतमाकत शिकले. पण पनवेलच्या आमच्या घरामागच्या वाफ्यात चार-दोन झाडं जगली आणि फळली, त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक विचारायला येतात. तुमच्यातलेही पुष्कळ जण विचारतात, आमच्या छोट्या जागेत काय लावू, रोपं कुठून आणू. म्हणून ही हकीकत लिहिते आहे. वाटेतली माहिती उपयोगी पडली तर घ्या. बाकीची माझ्या जिवाची आहे.

मी मूळची निडीची. आमची भातशेती. शाळेसाठी रोह्याला जायचे, तिथे अष्टमीहून पूल ओलांडून येणारी राहेल माझ्या बाकावर बसायची. तिचे लोक मराठी बोलणारे ज्यू. गावात त्यांना शनवार तेली म्हणत, कारण पूर्वी त्यांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी ते घाणे बंद. एकेक घर करत ते इस्रायलला निघून गेले. राहेलचे दोन्ही मुलगे तिकडेच आहेत. अष्टमीत उरली ती राहेल आणि तिचा नवरा शालोम.

तिच्या परसातला आंबा आणि फणस मागे वादळात आडवे झाले. त्यानंतर तिने तिथे काहीच लावलं नव्हतं. आणि आता, डॉक्टरांनी पुन्हा मुंबईला नेऊ नका, घरीच सुखात ठेवा असं सांगितल्यावर, तिला झाडं हवी होती. मी का म्हणून विचारलं नाही. पोटातलं दुखणं किती पुढे गेलंय ते शालोमभाऊंनी मला आधीच सांगितलं होतं. मनाशी एवढंच ठरवलं की चारातलं एक झाड फळ लागलेलंच न्यायचं. आपल्या परसातलं एक तरी फळ तिच्या तोंडात पडावं.

शुक्रवार, पेण

श्रावणातला शुक्रवार होता. सकाळची एसटी धरली, बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा खिशाला चिमटा नाही. रस्त्याला खड्डे आहेत, मणक्याचं दुखणं असेल तर पुढची सीट धरा. रामवाडीच्या स्टँडवर उतरून चहा घेतला, पोह्याचे पापड घेतले. पेणला जाऊन पापड न घेता येणं म्हणजे देवळात जाऊन घंटा न वाजवणं. गल्लीगल्लीत गणपतींचं रंगकाम चाललं होतं. अंग रंगवून झालेल्या, पण डोळे अजून काढायचे राहिलेल्या मूर्ती ओळीने मांडलेल्या. नेहमी मी तिथे तासभर रेंगाळते. या खेपेला पाय थांबले नाहीत.

नर्सरी महामार्गालगतच आहे. मालकीणबाई पन्नाशीच्या, डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून पावसातच हिंडत होत्या. लिंबू, कापा फणस आणि केसर आंबा ही तीन झाडं आम्ही दोघींनी झटपट निवडली. निवडताना मी काय बघते ते सांगते. कलमाचा जोड हाताने चाचपून बघावा, तो भरून आलेला आणि गुळगुळीत हवा. जोडाच्या खालून फूट आली असेल तर ती खालच्या रानटी रोपाची असते. ती लगेच खुडायची, नाहीतर वरचं कलम मरतं आणि आपण वर्षानुवर्षं भलत्याच झाडाला पाणी घालत बसतो. फार उंच, शेलाटं रोप घेऊ नये. पिशवीच्या बुडातून मुळं बाहेर येऊन गुंडाळी झाली असेल तर तेही नको. बुटकं, जाड खोडाचं, काळपट हिरव्या पानांचं रोप घ्यावं, मुलगी बघताना घरचे बघतात तसं आडवंतिडवं सगळ्या बाजूंनी बघून.

चिकूपाशी मात्र आमचं अडलं. मोठ्या पिशवीतलं कालीपत्तीचं एक कलम होतं, माझ्या छातीएवढं, आणि त्याला चिकू लागलेले. मी तेच धरून बसले. बाई म्हणाल्या, फळ बघून झाड घेऊ नका, दमलेलं असतं ते. शेजारचं बिनफळाचं घ्या, स्वस्तही पडेल. मी ऐकेना. मग त्या जरा वैतागल्या.

"आजी, घ्या बापडं. पण लावलंत की ही फळं तोडून टाका. पहिली तीन वर्षं फूल दिसलं की खुडायचं. तेवढ्यात फळ धरलंत तर झाड वाढायचं नाय."

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही. घरी मीही तेच करते. पण त्या दिवशी मला झाड वाढायला नको होतं, चिकू पिकायला हवा होता. मी त्यांना राहेलचं सांगितलं. बाई आत जाऊन जुन्या साडीच्या चिंध्या घेऊन आल्या आणि टेम्पोच्या हिसक्याने फळं गळू नयेत म्हणून एकेक फांदी काठीला बांधत बसल्या. झाडाचे साडेपाचशे घेतले, आणि शेणखताची एक गोणी वर चढवून तिचे काही घेतले नाहीत.

नर्सरीत विचारलंत तर रोह्याकडे जाणारा टेम्पो गाठून देतात. आमचा टेम्पोवाला अष्टमीचाच निघाला. आजी, रान घेऊन माहेरी चाललाव काय, म्हणून वाटभर माझी थट्टा करत होता. नागोठण्यावरून पुढे निघालो, निडीची पाटी मागे पडली. भात हिरवंगार उभं होतं. माहेर असं बाजूने निघून गेलं तर एरवी माझा जीव हळहळतो. त्या दिवशी मान मागे वळवून चिकू मोजत होते, एखादा पडला तर नाही ना म्हणून.

अष्टमीला पोचले तेव्हा दिवस कलला होता. शालोमभाऊंनी घाईघाईने पिशव्या उतरवून ओटीवर ठेवल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शुक्रवार संध्याकाळ, म्हणजे यांचा शनिवार लागला. उद्या खड्डा खणायचा नाही, झाड लावायचं नाही. इतकी वर्षं या घरात जेवले आणि नेमकी हीच गोष्ट विसरले होते.

राहेल आत खाटेवर होती. तिला बघून मी पदर नीट करण्याचं निमित्त केलं. तिचं अर्धं अंग कुठे गेलं होतं कोण जाणे. पण जीभ होती तशीच. "रडायला आलीस का झाडं लावायला? रडायचं असेल तर रविवारी, आज नाय."

दिवे लागले, शालोमभाऊंनी प्रार्थना म्हटली, आम्ही जेवलो. दोनच घास खाऊन ती निजली.

शनिवार

यांच्याकडे शनिवारी चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचं रांधलेलं खातात. तुम्ही कधी अशा घरी राहिलात तर यजमानांना चहा करून देते म्हणून उठू नका. राहेल ओटीवर खुर्चीत बसली. समोर झाडांच्या पिशव्या. एका पिशवीत गवत उगवलेलं दिसलं, सवयीने माझा हात गेला. तिने हाताला हलकी चापट मारली. आज झाडालाही सुट्टी आहे, म्हणाली.

दिवसभर ती त्या चिकूंकडे बघत होती. शेजारच्या बायका येऊन जात होत्या. एक म्हातारी म्हणाली, "राहेल गो, झाड आलं तेच फळं घेऊन आलं, तुझ्या पायगुणाचं हाय." राहेल हसली. मला वाटलं, माझं काम झालं. आठ-पंधरा दिवसांत तयार होतील, शालोमभाऊ उतरवून पिकत घालतील.

दुपारी ती निजली तेव्हा मी पुलावरून रोह्यात चक्कर मारून आले. कुंडलिका गढूळ, दोन्ही काठ भरून चाललेली. कंपनीची शिफ्ट सुटली होती, मोटारसायकलींची रांग लागलेली. बाजारात गरम वडा घेतला आणि तसाच हातात धरून उभी राहिले. खावासा वाटेना. एका कुत्र्याला घातला.

रविवार

खड्डे शालोमभाऊंनी खणले. आयुष्यभर कचेरीत काम केलेला माणूस, कुदळ धरायची कशी तेही माहीत नाही. परस कायम राहेलचं होतं. ती खुर्चीतून सांगायची आणि ते तसं करायचे. अहो, खालची माती एकीकडे, वरची दुसरीकडे. दोन झाडांत पंधरा-वीस पावलं ठेवा, ती काय तुमची मुलं आहेत एका खोलीत झोपायला. मी मदतीला वाकले तर तिने मला अडवलं. त्यांनाच करू दे, म्हणाली. मला तिचा थोडा रागही आला. म्हातारा घामाघूम झाला होता.

चिकू सर्वांत शेवटी लावला. पिशवी फाडली, झाड उभं केलं, माती दाबली. राहेलने मला हात धरून तिथवर न्यायला सांगितलं. झाडापाशी उभी राहिली आणि एकेक चिकू तोडायला लागली. कच्चे, दगडासारखे. देठातून पांढरा चीक तिच्या बोटांवर ओघळत होता.

मी तिचा हात धरला. काय करतेस, हे तुझ्यासाठी आणलेत, असं म्हणाले असेन. माझा आवाज चढला होता एवढं आठवतं. शालोमभाऊ कुदळीवर हात टेकून उभे होते. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की त्यांच्यात झाड लावल्यापासून तीन वर्षं त्याचं फळ खात नाहीत. आजीपणजीपासून आहे. चौथ्या वर्षी देवाचं नाव घेऊन मग खायचं.

मी हट्टाला पेटले. म्हटलं, हे झाड नर्सरीत तीन वर्षांचं झालंय, पुरी झाली तुमची तीन वर्षं. राहेल हसली. म्हणाली, पिशवीतली वर्षं धरत नाहीत, आपल्या मातीतली धरतात. मग मी विचारलं, केळ चालेल? कारण शाळेत असताना तिनेच मला सांगितलं होतं की ते लोक केळीला झाड मानत नाहीत, तिचं फळ जमिनीचं धरतात. निडीहून भाचा उद्याच्या उद्या मुनवे आणून लावेल, वर्षाच्या आत घड येईल.

तिने शालोमभाऊंना विहिरीवर पाणी आणायला पाठवलं. ते जाईपर्यंत थांबली. मग माझ्या खांद्यावर भार टाकून म्हणाली, "केळ मला चालते गो. पण केळ वर्षात येते नि तोडून टाकतात. यांना पुरायची नाय. मुलं न्यायला येतील. तिकडे नेऊन खिडकीत बसवतील, नि हा माणूस बसून राहील. मला मागे तीन वर्षांचं काम ठेवून जायचंय."

मग तिने उरलेला चिकू तोडला. हातातली फळं तिने चिकूच्याच बुंध्याशी ठेवली आणि माझ्याच पदराला बोटं पुसली. चिकाचा डाग जात नाही हे तिला माहीत होतं. रविवारी रडायला परवानगी होती, ती मी वापरली. ती नाही रडली. शालोमभाऊ बादली घेऊन आले तेव्हा तिने त्यांना ओरडून सांगितलं, खोडावर ओतू नका, भोवती आळं करून घाला.

दुपारच्या गाडीने मी निघाले. रोह्याहून पनवेलला गाड्या मोजक्याच आहेत, वेळ विचारून ठेवा. निघताना ती ओटीवर होती. पोचलीस की फोन कर, एवढंच म्हणाली.

घरी

राहेल दिवाळीनंतर गेली. त्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते अलिबागहून, पनवेलहून गोळा करावे लागले. मीही गेले होते. धाकटा मुलगा आला होता, चांगला आहे पोरगा, वडिलांची बॅग भरायला घेतली होती त्याने. शालोमभाऊ त्याला म्हणाले, झाडं लहान आहेत रे. मुलगा काय समजायचं ते समजला असेल. महिनाभर राहून एकटाच परत गेला.

मी या प्रवासातून काय आणलं, असं माझं मलाच विचारते. तिला एक फळ खाऊ घालायला निघाले होते, ते काही जमलं नाही. तिच्या मनात काय आहे ते मला कळलं नव्हतं, पन्नास वर्षांची मैत्रीण असून. मी तिच्या भुकेचा विचार करत होते आणि ती भुकेच्या पलीकडे पोचलेली. याचं दुःख अजून उतरत नाही. तुम्ही आजाऱ्यासाठी काही घेऊन निघालात, तर आधी त्याला विचारा. झाड असो की पेज असो.

परवा सकाळी शालोमभाऊंचा फोन आला. एरवी ते फोन करत नाहीत. पाणी कसं घालतात, खोडाला गेरू कसा लावला, बराच वेळ तेच सांगत होते. मग म्हणाले, "सुमनताई, लिंबाला फुलं आलीत. वास सुटलाय घरभर. खुडू?"

त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं की त्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "खुडा."

ते बरं म्हणाले. फोन त्यांनी ठेवला नाही, मीही ठेवला नाही. थोड्या वेळाने पायऱ्या उतरल्याचा आवाज आला, मग परसातले कावळे ऐकू आले.