सिस्टरच्या घरातल्या माई

नोकरीत खुनांचे आणि दरोड्यांचे बरेच तपास केले. त्यांतले कितीतरी आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एक साधी तक्रार मात्र मनातून गेली नाही. तिच्यात ना खून होता, ना चोरी. त्यातली काही माणसे आजही पुण्यातच राहतात, म्हणून कोणाचेही नाव देत नाही.

मी तेव्हा शहराच्या पूर्व भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकती संपली होती. नियंत्रण कक्षाकडून कॉल आल्याचे ठाणे अंमलदारांनी सांगितले. येरवड्यातल्या एका ख्रिस्ती नवरा-बायकोने एका हिंदू म्हातारीला घरात डांबून ठेवले आहे आणि तिचे धर्मांतर करणार आहेत, अशी खबर होती. खबर देणाऱ्याने नाव सांगितले नव्हते.

अशा खबरीत तथ्य किती, हे सावकाश पाहता येते. तिथे पोहोचायला मात्र सावकाश चालत नाही. एका महिला हवालदाराला बरोबर घेऊन मी निघालो.

तरी लोक आमच्या आधी पोहोचले होते. घरासमोर बराच घोळका होता. खबर देणाऱ्याने त्या भागातल्या एका कार्यकर्त्यालाही फोन केला होता, हे पुढे समजले. फाटकापाशी सत्तरीचे एक गृहस्थ घरातल्या खुर्च्या एकेक करून बाहेर आणून ठेवत होते.

"हे काय चाललंय?" मी विचारले.

"ऊन आहे, साहेब. मंडळी केव्हाची उभी आहेत. आत या म्हटलं तर येत नाहीत."

त्यांची पत्नी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. सगळी वस्ती त्यांना सिस्टर म्हणे. त्यांनी दारातच मला थांबवले. "आपण बूट काढून या. माईंचा आत्ता कुठे डोळा लागलाय."

बाहेरच्या खोलीत भिंतीवर क्रूस होता. आतल्या खोलीत खाटेवर एक वृद्ध बाई झोपल्या होत्या. केस विंचरून वेणी घातलेली, अंगावर धुतलेले लुगडे. उशाशी स्टुलावर देवीची तसबीर होती आणि तिच्यापुढे निरांजन.

"ही तसबीर कोणी ठेवली?"

"मी. शेजारणीकडून मागून आणली. संध्याकाळ झाली की 'देवापाशी दिवा लावला काय' म्हणून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. आता लावते. आमच्या क्रूसाकडे त्या बघतही नाहीत."

त्यांनी सांगितले ते असे: काही आठवड्यांपूर्वी सिस्टर खराडीत एका रुग्णाला बघायला गेल्या होत्या. तिथल्या बसथांब्यावर ही बाई कपड्यांची पिशवी घेऊन बसलेली त्यांना दिसली. अंगात ताप होता. नाव, गाव काही सांगता येत नव्हते, म्हणून सिस्टर तिला माई म्हणू लागल्या. सिस्टरांनी रिक्षाने आधी डॉक्टर गाठला आणि मग तिथले पोलीस ठाणे. मी त्या ठाण्याला फोन लावला. स्टेशन डायरीत नोंद होती, फोटोही सगळीकडे पाठवला होता. नातेवाईक मिळेपर्यंत त्यांना सिस्टरांकडे ठेवायला त्या ठाण्याने संमती दिली होती.

मी बाहेर येऊन घोळक्यातल्या दोन वयस्कर माणसांना आत नेले. त्यांनी माईंना पाहिले, तसबीर पाहिली. एकाने देवीला हात जोडले. बाहेर येऊन तो इतरांना म्हणाला, "चला, इथे काही नाही." जाताना दोघाचौघांनी खुर्च्या उचलून परत आत ठेवल्या.

खबर खोटी निघाली. पण ती दिली कोणी? मी कॉलचे ध्वनिमुद्रण मागवले. त्यात शेवटी तो माणूस म्हणत होता, "तिच्याशी डाव्या बाजूने बोला. उजव्या कानाने ऐकू येत नाही तिला."

सिस्टरांना विचारले, तर ही गोष्ट त्यांनाही बऱ्याच दिवसांनी उमगली होती. कागाळी करणाऱ्या परक्या माणसाला ती कुठून कळणार? आणि कळली, तरी त्याला तिची काय पर्वा?

फोन बिबवेवाडीतल्या एका माणसाच्या नावावर होता. नोकरी खराडीतल्या एका कंपनीत. मी त्याला ठाण्यात बोलावून घेतले. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र.

"समाजाचा प्रश्न होता, म्हणून कळवलं," तो म्हणाला.

"त्या बाईंना ओळखता?"

"नाही."

"मग त्यांना कुठल्या कानाने ऐकू येत नाही, हे कसं माहीत?"

तो ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळू लागला. मी एवढेच सांगितले, "त्यांचा ताप उतरलाय. आता जेवतात व्यवस्थित."

इतका वेळ स्वच्छ पुणेरी बोलणाऱ्या त्या माणसाने तोंडावर हात घेतले. "माही माय आहे ते, साहेब."

मग सगळे बाहेर आले. वडील गेल्यावर त्याने आईला विदर्भातून इकडे आणले. हळूहळू तिची स्मृती गेली. गॅस चालू ठेवून ती घराबाहेर पडायची. सांभाळायला ठेवलेल्या बाया टिकल्या नाहीत. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. एका सकाळी त्याने आईला थांब्यावर बसवले आणि समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला. सिस्टर तिला नेताना त्याने पाहिले. रिक्षामागे गाडी घातली, घर बघून ठेवले. त्यानंतर रोज तो त्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा. आत गेलो तर सिस्टर थांब्याचे विचारतील आणि अटक होईल, ही भीती. पोलिसांनी तिला तिथून काढून रुग्णालयात ठेवले, की आई हरवल्याची तक्रार द्यायची आणि तिला घरी न्यायचे, असा त्याचा बेत होता.

"आणि धर्मांतर?"

"त्याशिवाय कोणी लगेच गेलं नसतं."

"त्या घरासमोर माणसं जमली होती. दगड पडले असते तर आत तुमची आईही होती."

संध्याकाळी मी सिस्टरांकडे जाऊन हे सांगितले. त्यांचे यजमान संतापले. "त्याच्यापायी आपलं घर पेटलं असतं."

"असतं," सिस्टर म्हणाल्या. मग मला विचारले, "गुन्हा लागतो का त्याला?"

"लागतो. म्हाताऱ्या आईला टाकून देणं ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली गुन्हा आहे. खोटी खबर दिली ते वेगळंच."

"मग लावा. तुमचं काम तुम्ही करा. पण त्याला इथे पाठवा." यजमान काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, "म्हातारीला आत घे आणि तिच्या मुलाला दारात उभं ठेव, असं प्रभूने सांगितल्याचं मी तरी कुठे ऐकलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी तो आला. मी हजर होतो. सिस्टरांनी उपदेश केला नाही. मऊ भाताची वाटी त्याच्या हातात दिली. "डाव्या बाजूला बसा. घास लहान घ्या. गिळला की पुढचा."

माईंनी त्याच्याकडे निरखून पाहिले. ओळख पटली नाही. "तू जेवला काय, बापू?" त्यांनी विचारले. "काहून इतका वाळला?"

त्याच्या हातातला चमचा वाटीतच राहिला. सिस्टरांनी त्याचे मनगट धरून चमचा पुन्हा भरला. "रडायचं तर रडा. पण हात थांबवू नका, त्यांना भूक लागलीय."

आम्ही दोषारोपपत्र दाखल केले. त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला, त्याला दंड झाला. बिबवेवाडीची जागा सोडून त्याने सिस्टरांच्याच गल्लीत खोली घेतली. दिवसा माईंकडे सिस्टर बघायच्या, कामावरून आल्यावर तो. पुढे माई त्या खोलीतच वारल्या. अंत्यविधी त्यांच्या रीतीप्रमाणे झाला. खांदा देणाऱ्यांत सिस्टरांचे यजमानही होते.

गुन्हेगार सापडला, की आमची फाईल पूर्ण होते. सिस्टरांनी त्याच माणसाला शिक्षेच्या हवालीही केले आणि हाताला धरून आतही घेतले. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, असे त्यांना कधी वाटलेच नाही. मी देवधर्म फारसा करणारा नाही. पण नोकरीच्या उरलेल्या वर्षांत कोणालाही अटक केली, की कागद पुरे झाल्यावर मी एक प्रश्न विचारत असे: घरी तुमच्यावाचून कोणाचं अडेल? बहुतेक जण कोणाचंच नाही म्हणत. कधी एखादा मान खाली घालून कुणाचे तरी नाव सांगे. मग त्या माणसाची सोय लावायला मी गाडी आधी त्या घरी पाठवीत असे.