दगड निवळताना

नव्या फिशटँकसाठी आणलेला समुद्रातला दगड गॅलरीत, मिठाच्या पाण्याच्या टबात पडलाय. त्याच्यावरचं मेलेलं शेवाळ, किडे सगळं कुजून संपल्याशिवाय मासे सोडायचे नसतात. गेल्या वर्षी माझ्या दिरांनी घाईने सोडले. चार दिवसांत सगळे मेले, आणि वर चारचौघांत मलाच म्हणाले, "वहिनी, तुमच्या हाताला मासे लागत नाहीत."

यंदा ते रविवारी जेवायला आले की त्यांचं ताट मी मुद्दाम गॅलरीच्या दाराशी मांडते.

"केवढा हा वास!"

"कुजू द्यावं लागतं, भाऊजी. वाढू अजून?"

आज टबात वाकून पाहिलं. पाणी नितळ, वास गेलेला. सगळं मेलेलं पचवून दगड मोकळा झाला होता. माणसाला हे का जमू नये, असं क्षणभर वाटलं खरं.

मग दुकानात फोन केला आणि रविवारच्या आत आणखी एक ताजा दगड मागवला.