वाऱ्याची बाही

भाऊजी गेल्याचा फोन रामदासपेठेतल्या ऑफिसात आला. दमा जुनाच होता, त्यामुळे धक्का असा बसला नाही. नुसता थकवा आला... तो अजून उतरलेला नाही.

शहराच्या कडेला पूर्वी एक लहानसं विमानतळ होतं. मुरुमाची धावपट्टी, पत्र्याची शेड, आणि उंच खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. भाऊजी तिथे चौकीदार. आमच्याकडच्या उन्हाळी वावटळीत सरकारी पिशव्यांच्या चिंध्या व्हायच्या. भाऊजी विणकराच्या घरचे. त्यांनी घरच्या मागावर जाड कापड काढलं आणि माझ्या ताईनं त्याची पिशवी शिवली. खंडेनवमीला मागाच्या धोट्याशेजारी तिलाही हळदकुंकू वाहिलं जायचं. ताई तिला ‘भुताची बाही’ म्हणायची. रोज सकाळी रात्रपाळीहून परतताना भाऊजी बाहीकडे बघून येत आणि ताईला सांगत, "आज वारा पश्चिमेचा." ताई चुलीवरून मानही वर करत नसे.

पुढे सगळीच विमानं सोनेगावच्या मोठ्या विमानतळावर उतरू लागली. आमच्या धावपट्टीवर आधी गवत आलं, मग बकऱ्या, मग प्लॉट. खांब कापला त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत. बाही नंदनवनातल्या घरी आणून गच्चीवर बांबूला बांधली.

"काहून लावता जी? कोण येते आता?" ताई वैतागली.

"एखादा आला वाट चुकून, त्याले वारा कोण सांगन?"

कोणी आलं नाही. बाही मात्र दर उन्हाळ्यात फाटायची. माग विकला गेला तशी ताई जुन्या लुगड्यांची शिवू लागली, तोंडानं बडबडत. जित्याची खोड म्हणून आम्ही हसायचो.

तेरवी झाली आणि ताई म्हणाली, "सुधाकर, वरची बाही काढून टाक गा. मले आता होत नाही."

मी काढली. पार विरली होती. ताईनं हातात घेतली... मला वाटलं, संपलं एकदाचं. वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही.

परवा गेलो तर बांबूवर नवी बाही. पांढरी, भाऊजींच्या धोतराची. शेजाऱ्यानं बांधून दिली म्हणे. ताई दारात गहू निवडत बसली होती.

"मले तेवढ्या दूरचं दिसत नाही," ती सुपातून मान वर न करता म्हणाली. "सांग ना गा, आज वारा कुठला?"

मी वर पाहिलं आणि सांगितलं, "पश्चिमेचा."