व्याख्येत न बसलेली पोर
स्पिरिटचा वास आला की जालन्याचा तो नवजात बाळांचा वॉर्ड आठवतो आणि माझं डोकं फिरतं. तिथे मी नर्स होते. धावड्याहून आणलेली ती पोर गार पडली होती, दूधही ओढत नव्हती. आम्ही लगेच हाताला सुई लावून औषध सुरू केलं होतं. गावच्या डॉक्टरनं आधीच अँटिबायोटिकचं इंजेक्शन टोचलेलं. मग रक्ताच्या तपासणीत जंतू उगवणार कुठून? पण बाळांच्या सेप्सिसवर, म्हणजे अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गावर, संशोधन करायला आलेले मोठे साहेब रिपोर्ट बघून पाळण्याजवळच म्हणाले, "जंतू नाहीत. आमच्या व्याख्येत हा सेप्सिस नाही." झालं! बापानं दुपटं उचललं. "साहेब न्हाई म्हन्ले ना, सिस्टर? मंग जल्दी सुई काढा, लेकरू घरी नेऊन राह्यलो मी." मी आडवी उभी राहिले. "ती व्याख्या त्यांच्या कागदाची आहे, तुमच्या पोरीच्या अंगाची नाही! सुई राहू द्या." साहेब चिडले, "मी अभ्यासापुरतं बोललो." मग बापासमोर कशाला बोलायचं? उपचार पुरे झाले, पोर वाचली. परवा शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या घालून मला भेटायला आली होती. साहेबांच्या अभ्यासात मात्र ती कधी आजारी पडलीच नव्हती.