आक्काच्या मानेनं दिलेला कौल

माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, मान उजवीकडे वळली आणि तिच्या सासूनं तो देवीचा कौल मानला, ही हकिगत सांगायला घेतली की आजही माझा आवाज चढतो. घरातले म्हणतात, हळू सांग, शेजाऱ्यांना भांडण वाटेल. वाटू दे!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वडील फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात राहिले होते, मी कॉलेजात होते. आक्काला सांगलीजवळच्या एका उसाच्या गावात दिलेली, दाजीही फौजेतच. त्या वर्षी आक्काचं काहीतरी बिनसलं. झोप उडाली. भिंतीआडून कुणीतरी बोलतंय म्हणायची. स्वतः थापलेल्या भाकरीतही कुणी काही कालवलंय म्हणून जेवायची नाही. सासू पार वैतागली होती. हिला कायमची माहेरी धाडायची आणि लेकाचं दुसरं लगीन लावायचं, असं ती चारचौघांत बोलून दाखवायची. तेवढ्यात दाजी रजेवर आले आणि कुणाला न विचारता आक्काला सांगलीला मनाच्या आजारांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. शाब्बास! डॉक्टरांनी बारीक गोळ्या दिल्या. सोबतीला म्हणून मी साताऱ्याहून एसटीनं पोचले, तर आक्का चक्क घोरत होती. मला नाचावंसं वाटलं.

त्याच आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी ती चहाचा कप तोंडाला लावायला गेली आणि तोंड उघडेचना. कप खाली पडला. मान हळूहळू उजव्या खांद्याकडे ओढली जायला लागली. डोळे वर गेले, ते खाली यायचं नाव घेईनात. थोड्या वेळानं जीभ आपोआप बाहेर आली आणि दातांत अडकली. मी घाबरून ओरडले. त्या ओरडण्यानं आळीतल्या बायका धावत आल्या आणि त्यांनी एका नजरेत निकाल लावला: मंगळवार, वर गेलेले डोळे, बाहेर आलेली जीभ. देवी अंगात आली!

झालं! कालपर्यंत जिला येडी म्हणत होत्या तिच्या कपाळावर मळवट भरला, पदरात खण-नारळ घातला, आणि पाया पडायला ही रांग. कुणी लेकीला दिवस कधी जातील विचारलं, कुणी हरवलेली म्हैस कुठे आहे ते. आक्काच्या तोंडून नुसता घशातला आवाज. मी सांगत होते की तिला त्रास होतोय, तर एकीनं मलाच दटावलं, "गप गं पोरी, कोपंल ती."

मग सासू पुढं आली. जमिनीला कपाळ टेकवून म्हणाली, "आई, बोलायचं नसंल तर ऱ्हाऊ दे. मानंनं कौल दे. ह्या सुनेला म्हायेराला धाडू का? व्हय म्हणत असशील तर उजवा दे."

उजवा! देवळात देवीला लावलेलं फूल उजवीकडे पडलं की होकार, डावीकडे पडलं की नकार, हे तिकडे लहान पोरालाही ठाऊक. आणि आक्काची मान तर सकाळपासून उजवीकडेच ओढत होती. कृष्णेचं पाणी उद्या उलटं वाहू दे का असं विचारलं असतं तरी उजवाच कौल आला असता. बायकांनी देवीच्या नावाचा गजर केला. सासू डोळे पुसत उठली आणि गर्दीमागे उभ्या असलेल्या दाजींना म्हणाली, "बघितलंस? आता तरी ऐकशील?"

माझं डोकंच फिरलं. पुढ्यात मांडलेलं ओटीचं ताट ओलांडून मी आक्काजवळ गेले, तर तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मी किंचाळले, "दाजी, इकडं बघा! देवी रडती व्हय कवा?"

दाजी वाकले. त्यांनी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं, मळवट रुमालानं पुसून काढला आणि तिला तशीच उचलली. रस्त्यावर हळदीची पोती घेऊन सांगलीच्या बाजाराला निघालेला ट्रक होता, त्यासमोर ते आडवे उभे राहिले. सासूही ओटीचं ताट घेऊन मागनं चढली, देवीला एकटं कसं सोडायचं म्हणून. वाटभर ती हात जोडून बसली होती आणि मी ड्रायव्हरला "पळवा, पळवा" म्हणून ओरडत होते.

डॉक्टरांनी आक्काला बघितलं मात्र आणि ते नर्सला इंजेक्शन आणायला सांगून मोकळे झाले. "देवी नाही आणि वेडही वाढलेलं नाही," ते म्हणाले. "माझ्याच गोळ्यांनी स्नायू आखडलेत. सुरुवातीला काहींना होतं." अंगावर पित्त उठलं तर देतात तेच औषध होतं म्हणे. ते शिरेतून गेलं. आणि सांगू काय! आमच्या डोळ्यांदेखत जीभ आत गेली. डोळे खाली आले, माझ्यावर स्थिरावले. मान इंचाइंचानं सरळ झाली. मी आनंदानं नर्सलाच मिठी मारली.

डॉक्टर म्हणाले की पहिली गोळी कमी करून चालू ठेवायची, आणि मान पुन्हा आखडू नये म्हणून जोडीला दुसरी द्यायची.

"नको त्या गोळ्या," सासू म्हणाली. "देवीनं कौल दिलाय."

"मला समदं ऐकू येत हुतं, आत्ती," आक्का म्हणाली.

जीभ अजून जड होती, पण शब्द स्पष्ट होते. सासूच्या हातातलं ताट खाटेवर टेकलं.

"तुमी इचारलं तवा न्हाई म्हनायचा लय प्रयत्न केला मी. मानच वळंना. डोळ्यातनं पानी तेवढं आलं." तिनं दम घेतला. "आता तोंड उघडतंय. काय इचारायचं ते मला इचारा."

दाजी आईकडे बघत राहिले. सासूची नजर खाली गेली. तिनं पदराच्या टोकानं आक्काच्या हनुवटीवरची लाळ पुसली, परत परत पुसली. मला वाटलं, ही आता कुठलाच प्रश्न विचारायची नाही.

"घरी येतीस का?" तिनं विचारलं.

"येते," आक्का म्हणाली, "पर गोळ्या संगं घिऊन."