गिअरबॉक्सचा सत्कार

माझ्या मेहुण्याच्या गाडीचा गिअरबॉक्स सात महिन्यांत तयार झाला आणि साधारण चार सेकंदांत गेला. त्या चार सेकंदांच्या आधी पंचवीस मिनिटं भाषणं झाली. त्यातली सहा मिनिटं माझी होती, आणि ती मला अजून टोचतात.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. घरची गुलाबाची शेती. सकाळी फुलं बाजारात पोचवून तो नऊला मोकळा होतो आणि उरलेला दिवस गाडीला देतो. गाडी जुनी, जर्मन, ऑटोमॅटिक. इंजिनाची ताकद त्याने इतकी वाढवून घेतली की गेल्या वर्षी मूळ गिअरबॉक्सने हात टेकले, आणि तेही नेमके पुण्याकडच्या एका धावपट्टीवर, जिथे अशा गाड्यांची वेळ मोजतात. चारशे मीटरपैकी एक मीटरही गाडी गेली नाही. चार जणांनी ती ढकलत बाजूला नेली. यंदा त्याला नंबर नको होता, फक्त त्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला पोचायचं होतं. त्यासाठी आतून मजबूत केलेला गिअरबॉक्स मागवला.

त्याच्याबरोबर चार पानांचं इंग्रजी पत्रक आलं. "दाजी, एवढी पुस्तकं वाचता, हे बी वाचा," म्हणून ते माझ्याकडे आलं. मला ते आवडलं. त्यात एकही विशेषण नव्हतं. म्हणणं सरळ होतं: या गिअरबॉक्सला दोन मर्यादा आहेत. इंजिनाचा जोर किती सोसेल, ही पहिली. ती वाढवली आहे. इंजिन किती फेऱ्यांवर असताना गिअर बदलायचा, ही दुसरी. ती होती तिथेच आहे, मिनिटाला सहा हजार दोनशे. त्यापुढे बदललात तर एक गिअर सुटायच्या आत दुसरा पकडतो, आणि दोघं आतल्या आत झुंजतात. गिअर गाडीवर सोपवला तर गाडी स्वतः ही मर्यादा पाळते. दांडा हाताच्या गिअरवर टाकला तर ती तुम्ही पाळायची.

"पण मजबूत केलाय ना?" मेहुण्याने विचारलं.

"ओढायला मजबूत केलाय. घाईला नाही."

मी हे सगळं मोठ्या अक्षरांत मराठीत उतरवून दिलं. आणि सांगायला हवं, त्याने ते पाळलं. पहिले हजार किलोमीटर सावकाश चालवा असं लिहिलं होतं, म्हणून तीन आठवडे तो रोज विंचूरपर्यंत किंवा वणीपर्यंत जाऊन परत यायचा. एवढी ताकदीची गाडी, आणि तिला कांद्याचे ट्रॅक्टर हॉर्न देऊन मागे टाकायचे. एकदा मीही बरोबर होतो. एका ट्रॅक्टरवाल्याने शेजारी येऊन विचारलं, "काय शेठ, पाहायला चाललाय का पोरगी?" मेहुणा हसला, पण पाय वाढवला नाही.

मग शुक्रवारी, म्हणजे स्पर्धेच्या दोन दिवस आधी, गाडी रवाना करण्याचा समारंभ ठरला. हे कोणी ठरवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. नवा गिअरबॉक्स बसवणाऱ्या मेकॅनिकचं गॅरेज गंगापूर रोडच्या मागच्या बाजूला आहे, तिथे मंडप पडला. बॅनरवर प्रमुख पाहुण्यांचा फोटो सर्वांत मोठा, मग मेहुण्याचा, मग मेकॅनिकचा, आणि कोपऱ्यात पडलेल्या उमेदवारासारखी गाडी. नवा गिअरबॉक्स गाडीच्या पोटात असल्यामुळे त्याचा सत्कार करणं शक्य नव्हतं. म्हणून जुना, मोडलेला, टेबलावर ठेवला आणि त्याला शाल पांघरून गुलाबाचा हार घातला. गुलाब घरचेच.

पाहुणे परिसरातले एक 'भाऊ'. कुठल्याही पदावर नाहीत, पण सगळी पदं भोगून दमल्यासारखे बसतात. त्यांची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी नेहमीप्रमाणे स्तुतीत टोमणे लपवले. ज्यांना कळले ते हसले. भाऊंना कळले नाहीत, तेही हसले. मी स्वतःवर खूश होऊन खाली बसलो. गिअरबॉक्सचा तो इंग्रजी कागद माझ्या खिशातच होता.

पूजा झाली. चारही चाकांखाली लिंबं ठेवली, समोर नारळ फोडला. गॅरेजची फरशी गुळगुळीत, त्यावर नारळाचं पाणी पसरलं. मेहुणा स्टिअरिंगवर बसणार, तेवढ्यात भाऊ उठले. "चला, मुहूर्ताला मीच काढतो बाहेर."

मेकॅनिकने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी भाऊंकडे पाहून मान डोलावली. पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं, हे आम्हा तिघांनाही वेगळं शिकवावं लागलं नव्हतं.

"भाऊ, हळू घ्या बरं का," शेजारी बसून मेहुणा म्हणाला.

"अरे, ट्रॅक्टरवर वाढलोय मी!"

मोबाइल धरलेल्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, आवाज निघू द्या!" भाऊंनी दांडा हाताच्या गिअरवर टाकला आणि पाय दाबला. लिंबं फुटली. चाकं रसात आणि पाण्यात जागच्या जागी फिरू लागली, इंजिन किंचाळलं. तशात त्यांनी गिअर बदलला, आणि त्याच क्षणी चाकं ओल्यातून निसटून बाहेरच्या कोरड्या काँक्रीटवर चढली. आतून खाड्कन आवाज आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गाडी फाटकात थांबली. पाय कितीही दाबला तरी नुसतं इंजिन ओरडत होतं, गाडी हलत नव्हती. भाऊ उतरले. "गाडी चांगली आहे. जरा जड वाटली," म्हणाले आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले.

मंडपवाले खुर्च्या उचलत होते तेव्हा मेकॅनिकने गिअरबॉक्सचं तेल उतरवलेली थाळी गाडीखालून बाहेर ओढली. तेलात चांदीच्या वर्खासारखा लोखंडाचा चुरा चमकत होता. रविवारची स्पर्धा गेली, हे तिघांनाही दिसत होतं.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "त्या कागदावर पाहुण्यांचं काही लिहिलं नव्हतं का?"

"नाही."

"आन् तुम्ही सहा मिनिटं बोलत होता."

मला वाटलं तो हसेल. तो टेबलाजवळ गेला, जुन्या गिअरबॉक्सवरचा हार काढून बाजूला ठेवला, शाल झटकली, नीट घडी केली आणि माझ्या खांद्यावर ठेवली. मग चार जण गोळा केले आणि गाडी ढकलत आत न्यायला लागला. मी शाल खुर्चीवर टाकली आणि पाचवा म्हणून मागून हात लावला. तो नको म्हणाला नाही, आणि त्याने वळूनही पाहिलं नाही.